चौथी पिढी

लोक जागा घेताना पाणी बघतात, स्टेशन किती लांब ते बघतात, फारच शहाणे असले तर कागदपत्रं बघतात. अण्णा परबांनी मुलुंडची जागा घेतली ती दारूचा गुत्ता किती लांब आहे ते बघून. परळहून रविवारचे येऊन त्यांनी आमच्या पूर्वेच्या भागात पायी फेऱ्या मारल्या होत्या. एका बाजूला मिठागरं, दुसऱ्या बाजूला रेल्वेचे रूळ आणि मध्ये आमच्या सोसायटीच्या पिवळ्या इमारती. त्यांनी पानवाल्याला विचारलं, न्हाव्याला विचारलं आणि शेवटी आमच्या बाबांना गेटवर गाठून विचारलं, "इथं जवळपास कुठं मिळते का हो?"

बाबांना वाटलं, माणूस तहानलेला आहे. त्यांनी आवाज खाली आणून स्टेशनच्या पलीकडचा पत्ता सांगितला आणि रविवारी तिथं गर्दी असते असंही बजावलं. अण्णांनी समाधानाने मान हलवली. "म्हणजे चांगलीच लांब आहे. घेतो मग जागा."

हा किस्सा बाबा पुढे कितीतरी वर्षं सांगायचे. ऐकणारे हसायचे, अण्णा समोर असले तर तेही हसायचे. हे साधारण ऐंशी सालच्या सुमाराचं. परब कुटुंब आमच्याच जिन्यावर, आमच्या समोरच्या दारात राहायला आलं. अण्णा, काकू, माझ्याच वर्गात येणारा सुधीर आणि त्याच्याहून दोन वर्षांनी लहान सुनंदा.

अण्णा भांडुपच्या एका केसतेलाच्या कारखान्यात सुपरवायझर होते. तेलात सुगंध मिसळायच्या खात्यात. बुटके, चापून भांग पाडलेले, पांढऱ्या शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेले. संध्याकाळी ते जिना चढायला लागले की माणूस दिसायच्या आधी माक्याचा आणि जाईचा वास वर यायचा आणि माझी आई म्हणायची, "आले परब, कुकर लावते." त्यांचं नाक हा कारखान्यात चर्चेचा विषय होता. कुठल्या पिंपात काय कमी पडलंय ते झाकण उघडताच सांगायचे म्हणे. घरीही तेच. जिन्यातून जाताना आमच्या दारापाशी थांबून म्हणायचे, "वहिनी, डाळ लागतेय खाली." आणि खरंच लागलेली असायची.

त्यांना एकच भीती होती आणि ती त्यांनी कधी लपवली नाही. आजोबा पिऊन गावच्या विहिरीत पडले. वडील गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होते, ते पिऊन पिऊन रक्त ओकून गेले. थोरला भाऊ तर तिशीही ओलांडू शकला नाही. हे सगळं ते कुणी पत्ता विचारल्यावर सांगावा तसं सांगायचे, आवाज न चढवता. तिघांचे फोटो त्यांच्या बाहेरच्या खोलीत एका ओळीत लावलेले होते. मला वाटायचं, अशा माणसांचे फोटो लोक पेटीत ठेवतात. अण्णांनी ते मुद्दाम सुधीरच्या अभ्यासाच्या टेबलासमोर लावले होते. "आमच्या रक्तात आहे ती," ते म्हणायचे. "मी शिवलो नाही म्हणून वाचलो. आता ही चौथी पिढी."

कुठल्याशा वाचनालयात एका डॉक्टरांचं भाषण त्यांनी ऐकलं होतं. माणूस आयुष्यात काय होतो ते अर्धं रक्तावर असतं आणि अर्धं वातावरणावर, असं त्या डॉक्टरांनी सांगितलं. अण्णांना ते इतकं पटलं की पुढे त्यांच्या प्रत्येक वाक्यात वातावरण यायला लागलं. रक्त देवानं दिलं, त्याला इलाज नाही, पण वातावरण आपल्या हातात आहे, असं त्यांचं गणित. होळीला खिडक्या बंद, कारण वातावरण बिघडतं. श्रावण सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, जेव्हा अर्धी मुंबई गटारी साजरी करते, तेव्हा सुधीरला घेऊन ते दिवसभर राणीच्या बागेत. लग्नाच्या वरातीत जायचं नाही, लालबागच्या मामाकडे मुक्काम करायचा नाही. घरात मालवणी बोलायचीसुद्धा बंदी. "मालवणी आली की गाव येतं, आणि गाव आलं की माडाची माडी येते." आम्ही पोरं त्यांना वातावरणच म्हणायचो. "ए, वातावरण आलं रे," म्हणून खेळ थांबायचा.

एकदा सुनंदाला खोकला झाला म्हणून काकूंनी होमिओपॅथीच्या गोळ्या आणल्या. अण्णांनी बाटलीचं बूच काढलं, नाकाशी नेलं आणि तशीच चप्पल घालून डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी समजावलं की स्पिरिट नावापुरतं असतं, उडून जातं. अण्णा म्हणाले, "डॉक्टर, आमच्याकडे नावापुरतं असं काही नसतं." सुनंदा महिनाभर हळद-दूध पीत खोकत राहिली.

सुधीर आठवीत गेला आणि उंबऱ्यावरचा तो प्रकार सुरू झाला.

संध्याकाळी खेळून आला की सुधीरने दारात थांबायचं. अण्णा आतून येणार, चष्मा कपाळावर सरकवणार आणि म्हणणार, "आ कर." सुधीरने तोंड उघडायचं. अण्णा डोळे मिटून वाकायचे, एक श्वास घ्यायचे आणि म्हणायचे, "जा आत." पहिल्यांदा मी पाहिलं तेव्हा मला वाटलं, दात बघतायत. मग कळलं. तेरा वर्षांच्या पोराचं तोंड हुंगत होते. आणि हे रोज. परीक्षा असो, ताप असो, घरात पाहुणे असोत. सुनंदा याच वेळी पिठाचा डबा घेऊन अण्णांच्या हाताखालून वाकून आत जायची. तिला कधी कुणी 'आ कर' म्हटलं नाही. दारू बाप्यांच्या रक्तात उतरते, असा अण्णांचा हिशेब होता.

सुरुवातीला सुधीरने त्याची मजाच केली. तो हुशार होता, नुसता अभ्यासात नाही, एकंदरच. एकदा मुद्दाम कच्चा लसूण चावून आला आणि बापाच्या नाकावर श्वास सोडला. अण्णांना ठसका लागला, आम्ही जिन्यात लोळलो. गणितात तो शाळेत पहिला यायचा, गॅलरीत उभा राहून नकला करायचा, त्यात स्वतःच्या बापाचीही. पण दहावीच्या आसपास त्याने नक्कल करणं बंद केलं. घरी कुणाला आणणंही बंद केलं. संध्याकाळी वर जाण्याआधी तो खाली गेटपाशी जरा वेळ नुसता उभा राहायचा.

अण्णा वाईट नव्हते, हे इथेच सांगून टाकतो. माझ्या बाबांचा पाय मोडला तेव्हा महिनाभर त्यांना पाठुंगळीला घेऊन जिना उतरवणारे हेच. सुधीर अभ्यासाला बसला की त्याच्या पायांशी बसून पंख्यानं वारा घालणारा दुसरा बाप मी पाहिलेला नाही. त्यांना मुलगा वाचवायचा होता, बस. एवढंच त्यांना आयुष्यात हवं होतं.

पितृपक्षातला एक प्रसंग मला स्पष्ट आठवतो. गेलेल्या माणसाला जे आवडायचं ते पानात वाढायची आपल्याकडे रीत आहे. परबांकडे वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, खीर असं सगळं गच्चीवर मांडलं होतं, आणि पानाशेजारी स्टीलच्या वाटीत काळा चहा. काकूंचे भाऊ लालबागहून आले होते. त्यांनी वाटीत डोकावून पाहिलं.

"काय भावोजी, म्हाताऱ्याक चायवर भागवतास? तो येवचो तरी कसो?"

सगळे हसले. अण्णा हसले नाहीत. "नाही आला तरी चालेल," ते म्हणाले. "माझ्या हातून एक थेंब वाढला जाणार नाही. जिवंताला नाही आणि मेलेल्यालाही नाही."

काकू खाली मान घालून पानावर पाणी फिरवत राहिल्या. सुधीर कठड्याला टेकून हे ऐकत होता. तेव्हा तो अकरावीत असेल.

मग आमच्या नाक्यावर परमिट रूम उघडली. बाहेर हिरवा दिवा, आत काळोख. ज्या गोष्टीपासून लांब म्हणून अण्णांनी जागा घेतली, ती चालत त्यांच्या दाराशी आली. अण्णा घरोघरी फिरले, म्हणाले, आपण सगळे मिळून विरोध करू. लोकांनी चहा पाजला आणि संध्याकाळी मागच्या दाराने तिथेच गेले. त्यात माझे बाबाही होते. मग अण्णा कामावरून आले की समोरच्या फुटपाथवर एकटेच उभे राहायला लागले. नुसतं कोण आत जातंय ते बघायचे. बारचा मालक भला माणूस. त्याने एक दिवस पोऱ्याबरोबर खुर्ची पाठवली, "परबसाब, बसून बघा." अण्णांनी खुर्ची परत पाठवली आणि उभे राहिले.

सुधीर डिप्लोमा झाला, पहिल्या वर्गात. विक्रोळीच्या एका मोठ्या कारखान्यात लागला आणि पुढच्याच वर्षी त्याला बढती मिळाली. परबांच्या घराण्यात टेबलखुर्चीवर बसून काम करणारा पहिला माणूस. अण्णा पेढे घेऊन सबंध इमारत फिरले. आमच्या घरी आले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. "दिलीप," मला म्हणाले, "रक्त हरलं रे. वातावरण जिंकलं."

त्याच संध्याकाळी सुधीरचे ऑफिसमधले चारजण त्याचं घर बघायला आले होते. त्यात एक मुलगी होती. पुढे लग्नाचा विषय निघावा असं काहीतरी त्या दोघांत होतं, हे जिन्यात उभं राहूनही कळत होतं. सुधीर टाय लावलेला, हातात मिठाईचा पुडा. दार उघडलं. अण्णा आनंदाने नुसते फुलून आले होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि रोजच्या आवाजात म्हणाले, "आ कर."

माझी खात्री आहे, त्यांच्या मनात काही नव्हतं. सवय होती. देवघरात जाताना चप्पल काढावी तितकी साधी सवय. सुधीरने एकदा मागे पाहिलं, आणि त्याने तोंड उघडलं. बावीस वर्षांचा माणूस. मागे जिन्यात ती मुलगी आपल्या पर्सच्या पट्ट्याकडे बघत उभी होती.

"जा आत," अण्णा म्हणाले. "या, या, सगळे या."

त्यानंतर काही दिवसांनी मिठागराच्या बांधावर सुधीर मला म्हणाला, "दिल्या, नऊ वर्षं मी न प्यायलेल्या दारूची हजेरी देतोय यार. आमच्या घरात एक थेंब नाही, पण दिवसरात्र विषय तोच. तुझा बाप रविवारी घेतो ना? तुमच्याकडे कुणी बोलतं तरी का त्याबद्दल?"

मी म्हटलं, नाही.

"मग एकदा बघितलीच पाहिजे ना, आहे तरी कशी ती?"

मी त्याला जे बोलायचं ते बोललो. चिडलो, शिव्याही दिल्या. पण तोवर त्याचं बघून झालं होतं. आणि पहिल्यांदा घेतली तेव्हा काय वाटलं ते त्याने मला सांगितलं, ते मी विसरलेलो नाही. "घरी आल्यासारखं वाटलं रे," तो म्हणाला, आणि घाबरून माझ्याकडे बघत राहिला.

तो पेरूची पानं चावायचा, वर वेलची, वर पान. एका संध्याकाळी आम्ही दोघं बरोबरच जिना चढलो. मला दोन पायऱ्या खालून वास येत होता. दार उघडलं, अण्णा आले, म्हणाले, "आ कर." अण्णा वाकले. रोजच्यापेक्षा जरा जास्त वेळ वाकलेले राहिले. मग चष्मा डोळ्यांवर घेतला आणि म्हणाले, "जा आत."

दार लागलं. दुसऱ्या दिवशी सुधीर हसत हसत म्हणाला, "म्हाताऱ्याचं नाक गेलं रे. तेलात बुडून बुडून गेलं." इमारतीतही लोक हळूहळू तसंच म्हणायला लागले. सुधीरचं तोपर्यंत सगळ्यांना कळलं होतं, फक्त परबांना कळत नाही, बिचाऱ्याचं नाक गेलं, असं. त्याच सुमारास अण्णांनी बारसमोर उभं राहणंही सोडून दिलं. दम लागतो म्हणाले. आणि सुधीर मग प्यायला विक्रोळीत थांबेनासा झाला, नाक्यावरच जायला लागला.

पुढचं सांगण्यात मला रस नाही. चारेक वर्षं लागली. आधी बढती थांबली, मग ती मुलगी थांबली, मग नोकरी. उंबऱ्यावरचा कार्यक्रम मात्र कधी थांबला नाही. सुधीर भिंतीला धरून उभा असायचा, अण्णा वाकायचे आणि म्हणायचे, "जा आत." एकदा तो उंबऱ्यावरच कोसळला, तेव्हा अण्णांनी त्याला काखेत धरून आत नेलं आणि आम्हाला म्हणाले, "उन्हातून आला. चक्कर आली त्याला." बाहेर जुलैचं आभाळ भरलं होतं. आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. त्या माना हलवण्याचा मला आजही राग येतो, आणि तो राग नेमका कुणावर काढावा ते कळत नाही.

सुनंदा तोवर नर्स झाली होती, सरकारी हॉस्पिटलात. तिच्या शिक्षणाकडे कुणी फार लक्ष दिलं नव्हतं. ती स्टोव्हशेजारी बसून अभ्यास करायची आणि तिच्या पास होण्याचे पेढे वाटल्याचं मला आठवत नाही. भावाला शेवटी तिच्याच वॉर्डात ठेवलं. कावीळ, असं बाहेर सांगितलं. तो गेला त्या दिवशी, हॉस्पिटलच्या मागच्या दाराशी गाडीची वाट बघत असताना, नातेवाइकांपैकी कुणीतरी हळहळत म्हणालं, "काय करणार, घराण्याचं रक्तच तसलं." सुनंदा युनिफॉर्मवरच होती.

"माझं पण तेच आहे ना हो," ती म्हणाली. "माझं तोंड कुणी हुंगलं नाही."

अण्णा बाजूच्या बाकावर बसले होते. त्यांनी ऐकलं असणार.

वर्ष झालं. भाद्रपद आला. बापाने मुलाचं पान वाढू नये म्हणतात, पण परबांकडे वाढायला दुसरं होतं कोण? सकाळी अण्णांनी आमचं दार वाजवलं. गळ्यापर्यंत बटणं, चापून भांग. फक्त तेलाचा वास नव्हता, निवृत्त झाले होते. "दिलीप, जरा नाक्यापर्यंत येतोस का माझ्याबरोबर?"

मला वाटलं, केळीचं पान आणायचं असेल. अण्णा भाजीवाल्यावरून पुढे गेले आणि सरळ परमिट रूमच्या पायरीवर चढले. आत खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या होत्या, एक पोऱ्या फरशी पुसत होता. मालक काउंटरमागून उठून उभाच राहिला.

"वास घ्यायचा आहे," अण्णा म्हणाले. "एकेक दाखवता का?"

मालकाने माझ्याकडे पाहिलं. त्याने एक बाटली उघडून ग्लासात थोडी ओतली आणि पुढे सरकवली. अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला, डोळे मिटले, वाकले.

"ही नाही."

दुसरी ओतली. "ही पण नाही." तिसऱ्या ग्लासावर ते वाकले आणि तसेच राहिले. पोऱ्याने पुसणं थांबवलं. अण्णांचा एक हात काउंटरची कड शोधत होता. मी तो धरला.

"हीच," ते म्हणाले. "ही द्या."

मालकाने बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून दिली.

गच्चीवर काकूंनी पान मांडलं होतं. वडे, वाटाण्याची उसळ, खीर, आणि शेजारी तीच स्टीलची वाटी. सुनंदा पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. अण्णांनी कागद सोडला. बाटली दिसली तशी तिने तांब्या खाली ठेवला. सुधीरच्या गादीखालून, मोरीच्या मागून असल्या रिकाम्या बाटल्या तिनेच कितीदा काढल्या होत्या.

"ही कुणी सांगितली तुम्हाला?"

"कुणी नाही."

"अण्णा, तुम्हाला वास येत होता?"

"येत होता."

"कधीपासून?"

अण्णा बूच फिरवत होते. बूच निघालं. "पहिल्या दिवसापासून," ते म्हणाले.

सुनंदाने कठड्याकडे तोंड फिरवलं. अण्णा गुडघ्यांवर बसले. ज्या हातून एक थेंब वाढला जाणार नव्हता, त्या हाताने त्यांनी वाटी काठोकाठ भरली. मग सवयीने वाटीवर वाकले, डोळे मिटले आणि बराच वेळ तसेच राहिले.

"घे रे झिला," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून मी मालवणी ऐकली ती तेवढीच.